दीडपट

निवतीच्या बंदरात लाँच नांगरून आहे,
नाळ पश्चिमेला.
वारा पडलेला. लाटा समोरून येतात,
नाळेखालून शिरतात, सुकाणूकडून निघून जातात.
अशा लाटेवर बोटीनं पुढंमागं डुलावं, एवढंच.
तरी ती कुशीवर कलू लागते,
आधी बोटभर, मग वीतभर,
मग टपावरची घागर गडगडत खाली.

बुधाजी खवणेकर, माझे बाबा, चाळीस वर्षं तांडेल.
मी आठवीत असताना त्यांनी हे दाखवलं होतं.
"मोज," म्हणाले.
मी मोजलं. दोन लाटा, एक हेलकावा.
दोन लाटा, एक हेलकावा.
"असो ताल जुळलो काय बाजूक कोण ढकलूक नको.
आपसूक आडयी होता."

आता मी काम करते तिथं समुद्र नाही.
लोखंडाची गोल कोठी, आतली हवा उपसलेली,
मध्ये प्लास्टिकचा कपटा, केसाहून बारीक.
लेसरचा ठोका पडतो आणि
मी 'एक' म्हणेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.
कपट्याचा प्लाझ्मा होतो,
बाहेर बाहेर विरळ होत जाणारा,
जसा आपला तळ भोगव्याच्या बाजूला उथळ होत जातो.
त्यात एक जागा असते, पाव घनतेची.
तिथल्या इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा हेलकावा
येणाऱ्या प्रकाशाच्या बरोबर निम्म्या तालाचा.
प्रकाश समोरूनच येतो
आणि मोडतो दोन लाटांत,
एक इकडे कललेली, एक तिकडे.

हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मीही नाही.
मला भेटतो तो तिथून उडालेला प्रकाश.
जाताना अवरक्त, न दिसणारा.
येताना एखादा किरण त्यातली अर्धी लाट कडेवर घेतो.
एक आणि अर्धा.
रातांब्याच्या सालीसारखा गडद तांबडा.
वर्णपटावर त्याचे दोन उंचवटे, मध्ये खळगा;
उंचवट्यांतल्या अंतरावरून मी आतला ताप सांगते
कपाळाला हात न लावता.

"म्हणजे दीडाचोच अभ्यास," बाबा हसले,
"दीडशाणी तू पयल्यापासून."

मार्चमध्ये मला तो तांबडा सापडला.
तीन आठवडे मी तो जपला, तक्ते काढले,
चहाच्या वेळी माणसांना बोलावून दाखवला.
मग लेसरची ताकद उतरवली, उंबरठ्याच्या खाली,
जिथं या लाटा जन्मूच नयेत.
तांबडा जागचा हलेना.
लेसर बंद केला.
तरी होताच.
पंपावरचा लाल दिवा होता तो,
खिडकीच्या काचेवरून आत आलेला.

हे फोनवर सांगता आलं नाही. इथं येऊन सांगितलं.
बाबा जाळ्याची गाठ सोडवत होते, सोडवत राहिले.
मग म्हणाले, एकदा पाणी काळवंडलेलं दिसलं,
त्यांनीच हाळी दिली, रापण टाकायला लावली.
दोन दोर, चाळीसेक माणसं, दुपारपर्यंत ओढत होती.
जाळ्यात सगळे झार. काचेचे गोळे नुसते.
"मगे?"
"मगे काय. जाळां धुतली. धा दिवस आंग खाजत होतां."
"आणि माणसं?"
"दुसऱ्या दिसाक इली. दोन सोडून."

ते दोघे कोण, मी विचारलं नाही.

सोमवारी शॉट आहे.
पंपाच्या दिव्यावर मी काळी चिकटपट्टी लावून आलेय,
दोन थर.
अंधार पडलाय, लाँच आता नुसता आकार.
टपावर घागर परत चढवलेली,
यावेळी सुंभानं बांधून.
मोजायला दिसत काही नाही. निवतीच्या दीपगृहाचा उजेड
फिरत येतो, ओल्या फळीवरून उडतो,
तेवढ्यापुरती बाजू चमकते.
त्यावरून मोजते.
दोन लाटा,